नांग रोंग : विझलेल्या ज्वालामुखींवरची देवळं

गुरुवार : बँकॉकहून वर

नांग रोंग हे थायलंडच्या ईशान्येकडच्या बुरीराम प्रांतातलं तालुक्याचं गाव. बँकॉकपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एक मोठा रस्ता, एक बाजार, दोन-चार बौद्ध मठ, कोपऱ्याकोपऱ्यावर सेव्हन-इलेव्हन आणि रात्री नऊनंतर सामसूम. खुद्द गावात बघण्यासारखं फार नाही. जे आहे ते गावाच्या भोवती, मुख्यतः दक्षिणेला पसरलेलं : विझलेले ज्वालामुखी, त्यांच्या माथ्यावर आणि पायथ्याला ख्मेरांची, म्हणजे कंबोडियातल्या अंगकोरहून या भागावर राज्य करणाऱ्यांची, हजारएक वर्षांपूर्वीची देवळं, त्या देवळांना दगड पुरवणाऱ्या खाणी आणि भातखाचरांच्या कडेला पुन्हा आणून सोडलेले सारस.

आम्ही तिघं होतो. मी, दादा आणि वहिनी. दादाची राजापूरकडे जांभ्याची चिरेखाण आहे. कुठल्याही देवळात गेला की तो आधी जोतं बघतो, मग भिंतीचे सांधे, आणि देव सगळ्यात शेवटी. वहिनीचं नेमकं उलटं. बेत माझा होता, पण ही देवळं मला दिसली ती बरीचशी या दोघांच्या भांडणातून.

बँकॉकच्या मो चित स्थानकातून बस सकाळी निघाली. सराबुरीपर्यंत सपाट मैदान, कारखाने, उड्डाणपूल. पाक चोंगच्या अलीकडे चढ लागतो आणि कोकणातून घाट चढून देशावर यावं तसे आपण खोरातच्या पठारावर येतो. डाव्या हाताला लाम ताखोंगचा जलाशय, डोंगरावर पवनचक्क्या. मग थेट दक्षिणेकडून जाणारा चोवीस नंबरचा महामार्ग आणि दोन्ही बाजूंना भात. नोव्हेंबर सरत आला होता. कापणी उरकलेली किंवा चाललेली, आणि रस्त्याच्या कडेला निळ्या जाळीवर भात वाळत घातलेलं. दादा म्हणाला, "हे बघायला इतक्या लांब आलो?" पण खिडकी त्याने सोडली नाही.

नांग रोंगची प्रसिद्धी खा मू या पदार्थासाठी. डुकराचा पाय मसाल्याच्या गोडसर रश्शात मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात आणि भाताबरोबर देतात. दुकानांच्या काचेमागे ते तांबूस, चकाकणारे पाय मांडलेले असतात. दादाने दोन ताटं संपवली. वहिनीचा गुरुवार. थायलंडमध्ये शाकाहारी मागायचं तर 'जे' म्हणावं लागतं, आणि तरीही माशाचं पाणी पडणार नाही याची खात्री नसते. शेवटी परतलेली पालेभाजी, भात आणि पपई यावर तिचा दिवस निभावला.

मुक्कामाच्या बाईंनी पुढच्या दिवसांसाठी पिकअप गाडीवाला ठरवून दिला. सत्तरीकडे झुकलेला, कमी बोलणारा, घरी बोलताना ख्मेर भाषा वापरणारा. इकडे अशा माणसाला लुंग म्हणतात, म्हणजे काका. आम्हीही तेच म्हटलं. बाकी संभाषण फोनमधल्या भाषांतरावर.

शुक्रवार : फनोम रुंग

फनोम रुंगचा डोंगर मोठा नाही. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास, भोवतालच्या शेतांपासून दोनशे. पण आजूबाजूला सगळं ताटलीसारखं नसलं तरी सपाटच असल्यामुळे तो लांबून दिसत राहतो. हा विझलेला ज्वालामुखी आहे. बुरीराममध्ये असे सहा आहेत. माथ्यावरच्या तळ्यात आजही पाणी असतं आणि देऊळ त्याच्याच काठाला आहे. डोंगर म्हणजे कैलास, असा बांधणाऱ्यांचा हिशेब.

सूर्य वर यायच्या आत पोचलो. देऊळ पूर्वाभिमुख आहे. पूर्वेच्या पायऱ्यांआधी एकशे साठ मीटर लांब आणि सात मीटर रुंद फरसबंद वाट आहे. दोन्ही कडांना दगडी खांब, त्यांच्या टोकाला कमळाच्या कळ्या. पायाखाली बघून दादा जागेवरच थांबला. "अगं, हा चिरा!" फरसबंदी जांभ्याची आहे, कडेला तेवढा वालुकाश्म. वाकून त्याने हात फिरवला. तीच भोकं, तोच तांबडा रंग. जमिनीतून काढताना मऊ, वारा लागला की टणक होत जाणारा. आमच्या घराच्या भिंती, गडगे, विहीर सगळं याचंच. जांभा या भागात आहे हे मी वाचलं होतं. दादाला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंतर दिवसभर तो माझ्या पुढेच चालत राहिला.

वाट संपते तिथे पहिला नागपूल. दोन्ही बाजूंना पाच फण्यांचे नाग, प्रत्येक फण्यावर मुकुट. ख्मेर कल्पनेत हा पूल माणसांच्या जगातून देवांच्या जगात नेतो. त्यानंतर पायऱ्यांचे पाच टप्पे, आणि वर आणखी दोन नागपूल. वहिनीने पायऱ्यांआधी चपला काढल्या. काढायची गरज नसते. हे आता पूजेतलं देऊळ नाही, थायलंडच्या ललितकला विभागाचं संरक्षित स्मारक आहे. लुंगने तिच्याकडे बघून मान हलवली आणि स्वतः खालीच थांबला.

मुख्य शिखर सत्तावीस मीटर उंच, गुलाबी छटेच्या वालुकाश्माचं. मला इथे एक प्रश्न पडला आणि तो दादाने सोडवला. डोंगर ज्वालामुखीचा, म्हणजे दगड काळा. आपल्याकडे त्याच काळ्या दगडात वेरूळ कोरलं, हेमाडपंती देवळं उभी केली. मग इथे वालुकाश्म बाहेरून का आणला? दादाने कडेचा एक दगड उचलून दाखवला. फसफसलेला, भोकाभोकांचा. यातून घडीव चिरा निघत नाही, नक्षी तर दूरच. म्हणून मग वजनाला, पायाला, तटाला जांभा. आणि जिथे देव कोरायचे तिथे खाणीतून आणलेला वालुकाश्म. त्याआधीच्या पिढीने विटा वापरल्या. आवाराच्या ईशान्येला दहाव्या शतकातल्या दोन विटांच्या देवळांची जोती उरलीत; नैर्ऋत्येला प्रांग नोई, म्हणजे छोटं शिखर, अर्धवट सोडलेलं. तेराव्या शतकातल्या, ख्मेर राजा सातव्या जयवर्मनाच्या काळातल्या दोन इमारती पुन्हा जांभ्याच्या. एकाच आवारात तीनशे वर्षं अशी दगडावरून ओळखता येतात.

देऊळ शंकराचं. बाराव्या शतकात ते आजच्या रूपात उभं राहिलं ते नरेंद्रादित्याच्या काळात. हा महीधरपुराच्या राजघराण्यातला, अंगकोर वाट बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्मनाचा नातलग. पुढे त्याने राजकारण सोडून तपस्व्याचं आयुष्य धरलं. हे कळतं ते त्याचा मुलगा हिरण्य याने कोरून ठेवलेल्या संस्कृत शिलालेखातून. इथला पंथ पाशुपत, शैव तपस्व्यांचा. घारापुरीच्या लेण्यांचा संबंधही अभ्यासक याच पंथाशी जोडतात. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेटावर जो योगी शिव बसलाय, त्याचीच माणसं काही शतकांनी या डोंगरावर. आत एका दरवाजावर पाच ऋषी ओळीने बसलेले कोरले आहेत. वहिनी म्हणाली, मधला कुणीतरी मोठा दिसतोय. तो नरेंद्रादित्य असावा असं मानणारे आहेत.

पूर्वेच्या दरवाजावर त्रिकोणी पाखीत दहा हातांचा नाचणारा शिव. त्याच्या खाली, दाराच्या अगदी वर, थायलंडमधली सगळ्यात गाजलेली शिळा : शेषशायी विष्णू. उशाला शेषाचे फणे, पायाशी लक्ष्मी, नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मदेव. एका बाजूला मोठं कीर्तिमुख, आणि खाली कोपऱ्यात पोपट. शंकराच्या दारावर विष्णू का, असा वाद वहिनी-दादांत पाच मिनिटं चालला. खरा रस त्या शिळेच्या पुढच्या कथेत आहे.

१९६० च्या दशकात ती इथून चोरीला गेली. एक तुकडा १९६५ मध्ये बँकॉकच्या एका पुरावस्तूंच्या दुकानात सापडला. बाकीची शिळा पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये भिंतीवर दिसली. राजघराण्यातले कलेतिहासकार सुभद्रदिस दिस्कुल यांनी ती ओळखली आणि मागणी सुरू झाली. इकडे १९७१ पासून ललितकला विभाग देवळाचे ढासळलेले दगड एकेक ओळखून, नंबर घालून पुन्हा रचत होता. ते काम पुरं होऊन मे १९८८ मध्ये राजकन्या सिरिंधॉर्न यांच्या हस्ते स्मारक खुलं झालं तेव्हा दारावरची जागा रिकामीच होती. त्या रिकाम्या जागेने काम केलं. थायलंडभर संताप उसळला, अमेरिकेतल्या थाई लोकांनी निदर्शनं केली, आणि त्याच वर्षाच्या शेवटाकडे शिळा परत आली. आज ती मूळ जागी आहे. जोड कुठे आहेत ते बघायला दादाने दुर्बीण मागितली. मी मात्र शेजारच्या थाई कुटुंबाकडे बघत होते. आजी नातवाला वर बोट दाखवून काहीतरी सांगत होती आणि त्यात 'अमेरिका' हा शब्द दोनदा आला.

मागच्या, पश्चिमेच्या बाजूला रामायण आहे. नागपाशात बांधलेले राम-लक्ष्मण आणि त्यांच्याभोवती वानरांची गर्दी. दगड थोडा झिजलाय, पण वानरांचे चेहरे अजून वैतागलेले दिसतात.

गाभाऱ्यात लिंग, पुढच्या मंडपात नंदी. अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळ उत्तरेकडे निघते. वहिनी प्रदक्षिणा घालत तिथवर आली, पन्हळ बघितली, आणि एक शब्द न बोलता उलटी वळली. सोमसूत्र ओलांडायचं नाही. हजार वर्षांत इथे किती जणांनी तसं वळण घेतलं असेल कोण जाणे. आता पर्यटक सरळ पुढे जातात.

वर्षातून काही दिवस उगवता किंवा मावळता सूर्य एका ओळीतल्या पंधरा दारांमधून आरपार दिसतो : उगवता एप्रिल आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, मावळता मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्या दिवसांत इथे जत्रेची गर्दी असते. आमच्या वेळी सूर्य बाजूच्या भिंतीवर आला, आणि दारांची ती रांग आम्हाला एकट्याने बघायला मिळाली. मला हाच सौदा बरा वाटला.

शनिवार : मुआंग ताम, आणि एक दवाखाना

फनोम रुंगच्या पायथ्याला, आठेक किलोमीटरवर, मुआंग ताम. बहुतेक लोक वरचं बघून खालचं अर्ध्या तासात उरकतात. माझ्या मते उलट करावं. वर वैभव आहे, पण राहावंसं वाटतं ते खाली.

हे देऊळ वरच्यापेक्षा जुनं, दहाव्या-अकराव्या शतकातलं. बाहेरचा तट जांभ्याचा, आणि दादाच्या हिशेबी या सहलीतलं सर्वोत्तम काम. चुना नाही, माती नाही. चिरे एकमेकांवर घासून असे बसवलेत की सांध्यात सुरीचं पातं जात नाही. "आमच्याकडे आता असं घासायला सांगितलं तर गवंडी काम सोडून जाईल," तो म्हणाला. वालुकाश्माच्या काही ठोकळ्यांना बोटभर भोकं आहेत. उचलताना त्यात खुंट्या बसवत. दगड दगडाला जोडायला लोखंडाच्या पट्ट्या घालायच्या खाचाही उघड्या पडल्या आहेत.

तटाच्या आत चार कोपऱ्यांत काटकोनात वळलेली चार तळी. काठ पायऱ्यापायऱ्यांचे, आणि प्रत्येक तळ्याच्या कडेने नागाचं अंग फिरवलेलं. कोपऱ्यावर पाच फणे. इथले नाग बिनमुकुटाचे, डोकी गुळगुळीत. पाण्यात कमळं होती, काही उमललेली. वहिनी एका पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

मधोमध एकाच जोत्यावर विटांची पाच शिखरं होती : पुढे तीन, मागे दोन. त्यातलं मधलं, सगळ्यात मोठं, पडलंय. फक्त चौथरा उरलाय. उरलेल्या चारांच्या दारांवर कोरीव शिळा. एकीवर नंदीवर बसलेले शिव-पार्वती. एकीवर गोवर्धन उचललेला कृष्ण, हाताखाली गुराखी आणि गाई. गोपुरावर कालियामर्दन. हे सगळं बघताना आपल्याला काही समजावून घ्यावं लागत नाही, हा मोठा फायदा. शेजारी उभी असलेली फ्रेंच बाई पुस्तकातून एकेक नाव शोधत होती आणि वहिनीने तिला मोडक्या इंग्रजीत अख्खी गोकुळातली कथा सांगितली. करंगळी दाखवून.

देवळाच्या उत्तरेला एक किलोमीटरहून लांब असा बाराय, म्हणजे ख्मेरांनी खणलेला आयताकृती तलाव. आजही पाणी आहे, गावची पोरं त्यात मासे धरत होती. ख्मेर बांधकामात देऊळ आणि तलाव सुटे नसतात, आणि ज्या मुलखात अर्धं वर्ष पाऊस नसतो तिथे यातलं कोण कोणासाठी बांधलं असेल, याचा विचार करण्यासारखा आहे.

दुपारी लुंगने स्वतःहून गाडी एका शेताच्या कडेला वळवली. झाडीत एक छोटी, तांबडी, ओबडधोबड इमारत. कुटी रुसी, ऋषीची कुटी. नाव लोकांनी नंतर दिलेलं. खरं तर हा सातव्या जयवर्मनाच्या दवाखान्याचा भाग. ११८१ मध्ये गादीवर आलेला हा राजा महायान बौद्ध. त्याने राज्यभर आरोग्यशाळा काढल्या. अंगकोरच्या ता प्रोम देवळातल्या शिलालेखात त्यांची संख्या १०२ दिली आहे. औषधोपचाराची घरं लाकडाची होती, ती गेली. भैषज्यगुरू बुद्धाचं हे देऊळ तेवढं जांभ्याचं, म्हणून राहिलं. या टापूत अशा दोन आरोग्यशाळा : एक ही, मुआंग तामजवळ, एक फनोम रुंगच्या पायथ्याला. दादा भोवती फिरून आला. "घाईचं काम आहे," म्हणाला. "पण घाईचं कुणासाठी केलं ते बघ."

अंगकोरहून उत्तरेला फिमाय या ख्मेर शहराकडे जाणारा राजमार्ग याच टापूतून जायचा. त्यावर सतरा धर्मशाळा असल्याची नोंद अंगकोरच्या प्रीह खान शिलालेखात आहे. त्यातली एक बान बू गावात शाळेच्या आवारात उभी आहे. शनिवार, शाळा बंद. झोपाळ्याच्या पलीकडे जांभ्याची भिंत, आणि तिच्यावर एक मांजर. पाच मिनिटांत बघून होतं.

रविवार : अंगखान डोंगर

हा दिवस सैल ठेवला होता. खाओ फ्रा अंगखान हाही विझलेला ज्वालामुखी, माथ्यावर बौद्ध मठ. तिथली मुख्य इमारत अलीकडची. थाई, ख्मेर आणि आणखी कसल्या कसल्या शैलींचं मिश्रण, भडक रंगाची. मला ती आवडली नाही. वहिनीला फार आवडली. आमचं एकमत झालं ते बाहेर. मठाभोवती आठ दिशांना वालुकाश्माचे उभे सीमास्तंभ रोवले आहेत, पानाच्या आकाराचे, ख्मेरांच्याही आधीच्या द्वारावती काळातले. काहींवर पुसट उभ्या आकृती, हातात कमळ. या डोंगरावर वस्ती किंवा पूजा फनोम रुंगच्या आधीपासून होती, याची ही खूण.

उतरताना चारोन सुक गावात थांबलो. इथल्या बायका डोंगरातली ज्वालामुखीची माती भिजवून त्यात सूत रंगवतात. रंग तांबूस तपकिरी, धुऊनही जात नाही म्हणतात. कापडाचं नाव फू अक्कनी, अग्नीचा डोंगर. वहिनीने दोन ओढण्या आणि आईसाठी एक जाडसर पंचा घेतला. घासाघीस केली नाही, म्हणजे तिला किंमत खरंच रास्त वाटली असणार.

संध्याकाळी प्राखोन चायच्या बाजारात कुंग चोम चाखलं : बारीक कोळंबी मीठ आणि भाजलेल्या तांदळाच्या कुटाबरोबर आंबवलेली. वास उग्र, चव उत्तम. दादाने बाटली घ्यायचा हट्ट धरला. विमानात नेण्याच्या कल्पनेने वहिनीने ती परत ठेवली.

सोमवार : जिथून दगड निघाला

दादासाठी खरा दिवस हा. बान क्रुआत तालुक्यात, कंबोडियाच्या सीमेकडे, जंगलात ख्मेरांची वालुकाश्माची खाण आहे. पाटी, पायवाट आणि शांतता. आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं.

सपाट खडक लांबवर पसरलेला, आणि त्यात सरळ रेषेत कापलेले चर. चौकोन आखून चारी बाजूंनी चर खोदायचा, मग खालून पाचर मारून ठोकळा सोडवायचा. काही ठोकळे तीन बाजूंनी कापून सोडून दिलेले. छिन्नीचे घाव अजून ताजे वाटावेत इतके स्पष्ट, तिरके, एका अंतराने. दादाने त्या घावांवर बोटं ठेवून सांगितलं की मारणारा उजव्या हाताचा होता, आणि शेजारच्या चरातला डावखुरा. खरं-खोटं मला माहीत नाही, पण तिरकेपणा दोन्हीकडे उलटा होता एवढं मी बघितलं. आमच्याकडे आता यंत्राची पाती लागल्यापासून चिऱ्यावर माणसाचा हात उमटत नाही. तो हे तक्रार म्हणून बोलला नाही. यंत्राने त्याची पाठ वाचवली आहे.

इथून फनोम रुंगपर्यंत दगड कसा गेला? बैलगाडी, हत्ती, ओढे, जे मिळेल ते. वाटेतला तो सपाट मुलूख तेव्हा एकदम उपयोगाचा वाटायला लागतो.

याच तालुक्यात ख्मेर काळातल्या भट्ट्याही सापडल्या आहेत. सवाय आणि नाय चियान या दोन जागी उत्खनन करून वर छप्पर घातलंय. तपकिरी आणि हिरवट झिलईची भांडी इथे भाजली जात. हत्ती, पक्षी अशा आकारांच्या छोट्या कुप्याही. त्यातल्या काहींत चुन्याचा थर मिळाला. पान खाणाऱ्यांची चुन्याची डबी. आमच्या आजीची पितळी होती.

आम्ही गेलो ते २०२४ चं नोव्हेंबर. त्यानंतर २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सैन्यांत याच सीमेवर चकमकी झाल्या, गावं रिकामी करावी लागली. वादाच्या मुळाशी सीमारेषेवरची अशीच ख्मेर देवळंही आहेत. फनोम रुंग आणि मुआंग ताम सीमेपासून आत आहेत. बान क्रुआतकडे जायचं तर त्या वेळची परिस्थिती स्थानिक लोकांकडून विचारूनच निघावं.

मंगळवार : सारस, आणि बुरीराम

नांग रोंग सोडून पहाटे उत्तरेला निघालो. बुरीराम शहराच्या दक्षिणेला हुआय चोरखे माक हा जलाशय आहे. थायलंडमधून सारस नाहीसा झाला तो गेल्या शतकात. पाणथळी भरल्या, शिकार झाली. खोरात शहराच्या प्राणिसंग्रहालयात पिल्लं वाढवून २०११ पासून ती इथे सोडायला सुरुवात झाली, आणि पुढे त्यांनी भातखाचरांत स्वतः घरटी केली. पिल्लांना वाढवताना माणसं सारसाचा वेश घालायची, म्हणजे पिल्लांना माणसाची सवय लागू नये.

आमच्या महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदियाकडे, तोही भाताच्या बांधावर. अडचणीही त्याच : विजेच्या तारा, कीटकनाशकं, बुजणारी तळी. बुरीरामच्या शेतकऱ्यांनी एक वाट काढली आहे. रसायनांशिवाय पिकवलेला तांदूळ सारसाच्या नावावर विकायचा. पक्षी राहिला तर तांदळाला भाव. संवर्धनाची भाषणं गावात किती पोचतात ते आपण जाणतो, भाव पोचतो.

धुकं उतरल्यावर दिसले. दोन मोठे, राखाडी, लाल मानेचे, खाचरातून सावकाश चालत. फार लांब होते. दादाने दुर्बीण या वेळी न मागता वहिनीला दिली.

मग खाओ क्रदोंग, शहराला लागूनच असलेला ज्वालामुखी. २९७ पायऱ्या, दोन्ही बाजूंना नाग, वर चौदा मीटर उंच पांढरा बुद्ध. पायऱ्या नको असतील तर गाडीही वर जाते. आम्ही गाडीने गेलो. विवराच्या कडेने झुलता पूल आहे. विवरात आता झाडी, आणि उघड्या पडलेल्या भागात तो फसफसलेला काळा दगड. शुक्रवारी दादाने दाखवलेलं इथे कडेलोटाच्या उंचीवर बघायला मिळतं.

बुरीराम शहर मात्र वेगळ्याच युगात आहे. फुटबॉलचं अवाढव्य स्टेडियम, मोटरसायकलच्या जागतिक शर्यतींचा मार्ग, आणि या दोघांच्या मधे फनोम रुंगची नक्कल करून बांधलेलं छोटं देऊळ, फोटोसाठी. एका स्थानिक राजकारण्याच्या फुटबॉलवेडातून उभं राहिलेलं हे शहर. दादाने नकलेच्या भिंतीवर टकटक केली आणि काही बोलला नाही. लुंगने स्टेशनवर सोडलं, पैसे मोजून न घेता खिशात घातले आणि वहिनीला दोन हात जोडून वाय केला. रात्रीची गाडी वेळेवर होती.

बुधवार : बँकॉक

विमान रात्रीचं, म्हणून दिवसा राष्ट्रीय संग्रहालय. कारण एकच. मे २०२४ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने दोन ख्मेर कांस्यमूर्ती थायलंडला परत दिल्या. एक गुडघे टेकून डोक्यावर हात जोडलेली स्त्री. दुसरी 'गोल्डन बॉय' म्हणून गाजलेली, अकराव्या शतकातली, सोन्याचा मुलामा दिलेली, सव्वा मीटरहून थोडी उंच. ती बुरीराममधल्याच लाहान साई तालुक्यातून खणून नेली गेली असं सांगतात. अमेरिकेत तिच्याखाली 'उभा शिव' लिहिलेलं असायचं. थाई अभ्यासकांपैकी काहींच्या मते तो सहावा जयवर्मन राजा.

दादा चक्कर मारून आला. धातूचं काम त्याला वाचता येत नाही, हे त्याने लगेच कबूल केलं. मग वहिनीने वाचून दाखवलं. नेसण कुठे चुणलंय, गाठ मागे कशी घेतली आहे, हात कशासाठी पुढे आहेत. पुढे तिने पहारेकऱ्याला विचारलं की लाहान साईचे लोक येतात का बघायला. येतात, तो म्हणाला, शाळेच्या बसेस येतात. पण सहा तास लागतात, आणि मुलं झोपलेली असतात.